पापण्यांची शस्त्रक्रिया : दुप्पट खर्चाचे अंदाजपत्रक स्वीकारावे का?

प्रश्न थोडक्यात असा : नाशिकच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या, त्रेपन्न वर्षांच्या वाचक भगिनींच्या वरच्या पापण्या ओघळल्या आहेत आणि डोळ्यांखाली पिशव्या आल्या आहेत. एका दवाखान्याने दोन्ही पापण्यांच्या शस्त्रक्रियेचे ९५,००० रुपयांचे पॅकेज सांगितले आहे. दुसऱ्या शल्यविशारदांनी ‘टिश्यू प्रिझर्व्हिंग’, म्हणजे स्नायू व चरबी राखून करण्याच्या पद्धतीचे १,८५,००० रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे. दुसऱ्या ठिकाणी बारा महिन्यांचा ‘नो कॉस्ट ईएमआय’ मिळतो, एकरकमी भरल्यास १५,००० रुपयांची सूट मिळते, आणि दोन्ही सवलती डिसेंबरअखेरपर्यंतच आहेत. ‘या वयात कशाला हवंय?’ असे यजमानांचे म्हणणे आहे.

ताई, आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. खर्च आपल्याच कमाईतून होणार आहे, त्यासाठी कोणाचेही शिक्षण किंवा औषधपाणी अडणार नाही, आणि पाच वर्षांनी आपल्याला जुन्या योजनेचे निवृत्तिवेतन सुरू होणार आहे. अशा स्थितीत ‘मला हवे आहे’ हे कारण पुरेसे आहे आणि ते कोणापुढे सिद्ध करण्याची गरज नाही. मला तपासायचे आहे ते एवढेच की पैसे नेमके कशासाठी जात आहेत आणि ते कोणत्या खात्यातून जावेत.

दोन अंदाजपत्रकांतला फरक समजून घेण्यासाठी शस्त्रक्रियेत काय कापले जाते हे पाहावे लागेल. मी डॉक्टर नाही, पैशांविषयी सल्ला देणारा आहे. पण ज्या वस्तूसाठी अशील जवळजवळ दुप्पट पैसे देणार आहे, ती वस्तू काय आहे हे न समजता सल्ला देणे मला पटत नाही. जुन्या धाटणीच्या शस्त्रक्रियेत वरच्या पापणीची जादा त्वचा, तिच्याखालील स्नायूची एक पट्टी आणि फुगलेली चरबी असे तिन्ही काढले जात असे, आणि खालच्या पापणीतल्या चरबीच्या पिशव्या सरळ कापून टाकल्या जात. सुरुवातीला चेहरा तरतरीत दिसे. मात्र वय वाढते तसे डोळ्यांभोवतीचे भरीवपण आपोआपच कमी होते, त्यामुळे चरबी जास्त काढलेल्या डोळ्यांत काही वर्षांनी खोबणी दिसू लागते आणि माणूस तरुण दिसण्याऐवजी आजारी दिसतो. पापणी मिटवणारा स्नायू जास्त कापला गेला तर डोळे नीट मिटत नाहीत आणि कोरडे पडतात. खालची पापणी ओढली गेली तर बुबुळाखालचा पांढरा भाग उघडा पडतो. हे दोष प्रत्येकाला होतात असे मुळीच नाही, पण झाले तर काढलेला ऊतिभाग परत मिळत नाही. शरीराच्या दुसऱ्या भागातली चरबी किंवा त्वचा आणून डागडुजी करावी लागते.

नव्या पद्धतीत वरच्या पापणीची जेवढी त्वचा खरोखर जादा आहे तेवढीच काढतात, स्नायू शक्यतो तसाच ठेवतात, आणि चरबीला हात लावायचाच झाला तर तो जपून लावतात. खालच्या पापणीत चरबी फेकून न देता ती खोबणीच्या हाडाच्या कडेवरून खाली सरकवून, पिशवी आणि गाल यांच्यामधली चर भरून काढली जाते. ही कल्पना कालपरवाची नाही. ब्राझीलचे राऊल लोएब यांनी चरबी सरकवण्याचे तंत्र १९८१ साली मांडले आणि अमेरिकेत सॅम हामरा यांनी १९९५ साली चरबी राखण्याच्या पद्धतीला पद्धतशीर रूप दिले. पापणीच्या आतल्या बाजूने, बाहेर व्रण न ठेवता चरबीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग तर फ्रान्सच्या बुर्गे यांनी १९२४ सालीच सांगितला होता. त्यामुळे ‘अत्याधुनिक’ या शब्दासाठी कोणी जादा पैसे मागत असेल, तर ते देऊ नका. पैसे द्यायचे ते कौशल्याचे. चरबी कापणे सोपे असते. तिचा रक्तपुरवठा सांभाळून ती योग्य जागी बसवणे वेळखाऊ आणि अवघड असते, आणि ‘राखणे’ याचा अर्थ काहीच न कापणे असाही नाही.

आता आकडे पाहू. स्वस्त पॅकेज करासह १,१२,१०० रुपयांना पडते. महागडे एकरकमी सूट घेऊन, म्हणजे १,७०,००० अधिक कर, २,००,६०० रुपयांना पडते. फरक ८८,५०० रुपयांचा. ‘आता वाचवाल आणि पुढे दुरुस्तीत दुप्पट घालवाल’ असे आपल्याला दुसऱ्या, महागड्या ठिकाणच्या समन्वयकांनी सांगितल्याचे आपण लिहिता. हे गणित मी करून पाहिले. दुरुस्तीचा खर्च दीड लाख रुपये धरला, तरी निव्वळ रुपयांत महागडी शस्त्रक्रिया परवडण्यासाठी स्वस्त शस्त्रक्रिया शंभरात जवळजवळ साठ वेळा बिघडावी लागेल. इतक्या वेळा कोणाचीही शस्त्रक्रिया बिघडत नाही. म्हणून पैसे वाचतील या समजुतीने महागडा पर्याय घेऊ नका. तो दावा टिकत नाही. तरीही तो घ्यावा असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण वेगळे आहे. म्युच्युअल फंड चुकला तर विकता येतो, घर चुकले तर तोट्यात का होईना काढता येते, पण ही खरेदी परत करता येत नाही. ज्या निर्णयातून मागे फिरता येत नाही, तिथे मागे फिरण्याची थोडी वाट शिल्लक ठेवणाऱ्या पर्यायाला मी जास्त किंमत देतो. चरबी जागेवर असेल तर उद्या थोडी काढता येईल. काढलेली तशीच परत ठेवता येणार नाही. ८८,५०० रुपये त्या मोकळीकीचे आहेत.

मात्र ही मोकळीक खरोखर विकत मिळते आहे की फक्त तिचे नाव, हे आपण तपासले पाहिजे. आपण पाठवलेल्या अंदाजपत्रकाच्या छायाचित्रात ‘टिश्यू प्रिझर्व्हिंग ब्लेफरोप्लास्टी – अप्पर अँड लोअर’ (ब्लेफरोप्लास्टी म्हणजे पापण्यांची शस्त्रक्रिया) अशी एकच ओळ आहे आणि तिच्यापुढे एकच रक्कम. कापडाचे बिलसुद्धा याहून तपशिलात असते. वरच्या आणि खालच्या पापण्यांचा खर्च वेगवेगळा मागा. शल्यविशारदांची फी, शस्त्रक्रियागृह, भूल आणि तपासण्या यांची फोड मागा. आणि किती त्वचा काढणार, स्नायू काढणार का, खालची चरबी काढणार की सरकवणार, हे त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. स्वस्त पॅकेज देणाऱ्यांनाही हेच प्रश्न विचारा. तेही स्नायू राखतच असतील आणि त्यांची पात्रता तेवढीच भक्कम असेल, तर वरचा माझा सगळा युक्तिवाद गळून पडतो आणि ८८,५०० रुपये आपल्या खात्यात राहतात. पात्रता म्हणजे प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा त्या तोडीची पदवी, अथवा नेत्रशल्यशास्त्रानंतर ऑक्युलोप्लास्टीचे, म्हणजे पापण्या व डोळ्यांभोवतीच्या शस्त्रक्रियांचे प्रशिक्षण, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेची चालू नोंदणी.

एका वाक्याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. ‘डोळ्यांखालची काळी वर्तुळेही जातील,’ असे आपण लिहिले आहे. पिशवीची सावली पडून जो काळेपणा दिसतो तो शस्त्रक्रियेने कमी होऊ शकतो. त्वचेतच रंगद्रव्य जास्त असेल तर चरबी कितीही सुबक सरकवली तरी तो जात नाही. आपल्याकडच्या त्वचेत हा दुसरा प्रकार पुष्कळ आढळतो. आपला काळेपणा कोणत्या प्रकारचा आहे हे त्वचारोगतज्ज्ञांकडून एका भेटीच्या फीमध्ये कळेल. तो रंगद्रव्याचा निघाला, तर खालच्या पापण्यांवरचा खर्च आपल्याला हवा तो परिणाम देणार नाही आणि तो बेत सोडून द्यावा, असे मी म्हणेन.

वरच्या पापण्यांची गोष्ट वेगळी असू शकते. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासताना दुपारनंतर कपाळ दुखते आणि एका बोटाने पापणी वर धरून वाचावे लागते, असे आपण ओघात लिहिले आहे. माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे. पापणी दृष्टीच्या आड येत असेल, किंवा पापणी उचलणारा स्नायूच ढिला झाला असेल, तर तो केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. आरोग्यविम्यातील ‘एक्सक्ल ०८’ हे प्रमाणित कलम रूप बदलण्यासाठी केलेले उपचार वगळते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि आरोग्याला असलेला थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आवश्यक म्हणून प्रमाणित केलेले उपचार हे त्याला अपवाद आहेत. ओघळलेली पापणी त्यात सहज बसेल असे आश्वासन मी देणार नाही. तरीही नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्या, एकदा पापणी आहे तशी ठेवून आणि एकदा चिकटपट्टीने वर उचलून. अहवाल व छायाचित्रे जोडून विमा कंपनीकडे पूर्वमंजुरी मागा आणि उत्तर लेखी घ्या. याच भेटीत डोळ्यांच्या कोरडेपणाचीही तपासणी करा, कारण रजोनिवृत्तीच्या वयात तो वाढतो आणि आधीच कोरड्या असलेल्या डोळ्यांवर ही शस्त्रक्रिया जास्त विचार करून करावी लागते. सौंदर्यासाठी होणारा भाग उपचार म्हणून दाखवण्याची सूचना कोणी केली, तर तिथून उठून या. खोट्या कागदावर दावा तर जातोच, शिवाय पॉलिसीही धोक्यात येते.

कराबाबत फार लिहिण्यासारखे नाही. वैद्यकीय सेवांना जीएसटीतून जी सूट आहे तिच्यातून सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली आहे. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष किंवा इजा यांमुळे बिघडलेली रचना वा कार्य पूर्ववत करणे एवढाच त्याला अपवाद आहे आणि वयामुळे ओघळलेली त्वचा त्यात आपोआप येत नाही. वरची पापणी उपचार ठरली, तर तिचे बिल वेगळे करून त्यावर कर लागतो का, हे दवाखान्याच्या लेखापालांना विचारा. प्राप्तिकरात या खर्चाची वजावट धरू नका.

आता ‘नो कॉस्ट ईएमआय’. शून्य टक्के व्याज अशी काही वस्तू नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना सुनावले होते, आणि आपल्या कागदातही तेच दिसते. हप्ता १८,१९२ रुपयांचा, म्हणजे बारा महिन्यांत २,१८,३०० रुपये; त्यावर करासह ३,५४० रुपये प्रक्रिया शुल्क. हाच सौदा रोखीने २,००,६०० रुपयांत मिळतो, तेव्हा वरचे २१,२४० रुपये हे व्याजच आहे, फक्त त्याला व्याज म्हटलेले नाही. दर काढला तर तो वर्षाला सुमारे १९ टक्के पडतो. आपल्या मुदतठेवीवर सात टक्के मिळत असताना १९ टक्क्यांनी कर्ज घेण्याचे काही कारण मला दिसत नाही.

भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका; तिथला अग्रिम आजारपण, शिक्षण, लग्नकार्य अशा गरजांसाठी असतो. इक्विटी फंडातली रक्कम मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी बाजूला ठेवली आहे, तिचा हेतू बदलू नका. उरते ती एप्रिलमध्ये मुदत पूर्ण होणारी चार लाखांची ठेव, आणि हा खर्च तिच्यातूनच व्हावा. त्यातून २,००,६०० गेले तर १,९९,४०० उरतात. बचत खात्यातले १,४०,००० मिळवून ३,३९,४०० होतात. यातील ४०,००० रुपये पुढील वर्षभरासाठी राखीव ठेवा, कारण सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली तर तिच्या उपचारांचा दावा विमा कंपनी वादात टाकू शकते. बाकीची रक्कम आपल्या ५०,००० रुपये मासिक घरखर्चाच्या जवळजवळ सहा महिन्यांची आहे आणि तेवढी पुरेशी आहे.

ठेव आजच मोडली तर दंडापोटी फार मोठी रक्कम जाणार नाही, हे खरे. एप्रिलपर्यंत थांबा असे मी म्हणतो ते दुसऱ्याच कारणाने. टाके साधारण आठवड्याच्या आत निघतात, सूज आणि काळेनिळेपणा दोन आठवड्यांच्या आसपास ओसरतो, आणि अंतिम रूप दिसायला काही महिने जातात. डिसेंबरअखेर शस्त्रक्रिया केली तर सुजलेल्या डोळ्यांनी वर्गावर उभे राहावे लागेल, आणि उत्तरपत्रिकांचा ढीग येईल तोपर्यंत डोळे पुरते सावरलेले नसतील. मेच्या पहिल्या आठवड्यात केली तर पगारी रजा खर्ची पडणार नाही आणि शाळा उघडेपर्यंत चेहरा स्थिरावेल. मधल्या चार महिन्यांत वरच्या तिन्ही तपासण्या होतील. राहता राहिली डिसेंबरअखेरची मुदत. ओघळलेली पापणी एप्रिलमध्येही तशीच असेल आणि शस्त्रक्रियागृहही तिथेच असेल. सूट मेपर्यंत चालू ठेवा, असे लेखी विचारा. नाही म्हणाले, तर घाई करून १५,००० रुपये वाचवण्यापेक्षा ते जाऊ दिलेले बरे.

आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी एक कागद मात्र हातात हवा. वर्षभरात किरकोळ दुरुस्ती लागली तर ‘फी घेत नाही’ असे बहुतेक ठिकाणी तोंडी सांगतात, पण ती फी फक्त शल्यविशारदांची असते. शस्त्रक्रियागृह, भूल आणि त्यावरचा कर रुग्णाच्याच खात्यावर येतो. हा खर्च कोण करणार, किती मुदतीपर्यंत करणार, आणि आपण शस्त्रक्रियेपूर्वी बेत रद्द केला तर आगाऊ रकमेतील किती परत मिळणार, हे त्यांच्या छापील कागदावर, तारीख व सहीनिशी घ्या.