मूत्रल, वातळ आणि लघवीची पिशवी

प्रश्न असा आहे : शस्त्रक्रियेच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करताना 'डाययुरेटिक'ला 'मूत्रल' म्हणावं का, आणि पुढे 'मूत्रपिंडाचे रक्षण करणारे औषध' असा खुलासा जोडला तर चालेल का?

'मूत्रल' खुशाल लिहा. खुलासा मात्र नको.

'मूत्रल' पुस्तकी वाटतो, पण त्याचं सख्खं भावंड आपल्या स्वयंपाकघरात आहे. पावटा वातळ असतो, म्हणजे वात वाढवतो. हा मूळचा संस्कृत 'वातल'. फल-फळ, काल-काळ या चालीने मराठीत त्याच्या लचा ळ झाला. 'मूत्रल' वैद्यांच्या पोथ्यांतच राहिला, तोंडी रुळला नाही, म्हणून त्याचा ल शाबूत. ('मांसल'मधल्या लची छटा निराळी : मांस असलेला, वाढवणारा नव्हे.) 'मूत्रवर्धक'ही चालेल, अर्थ तोच.

आणि शब्दात आहे तेवढंच हे औषध करतं. फ्युरोसेमाइड, वॉर्डातल्या भाषेत लॅसिक्स, मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांतून मीठ परत रक्तात शोषू देत नाही. मिठामागोमाग पाणी जातं. मॅनिटॉल गाळलं जातं पण परत शोषलं जात नाही, त्यामुळे पाणी ओढून नेतं. नळीला जोडलेली लघवीची पिशवी भरते, पण त्याने मूत्रपिंडाची गाळण सुधारली असं होत नाही. रक्तातलं पाणी आधीच कमी असेल तर रक्तदाब आणखी उतरतो आणि मूत्रपिंडाकडे जाणारं रक्तच घटतं. म्हणून केडिगो या मूत्रपिंडविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१२ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की मूत्रपिंडाची इजा टाळण्यासाठी मूत्रल देऊ नका. अंगात पाणी साचलं असेल तर गोष्ट वेगळी.

गोंधळ होतो तो पिशवीवरच्या आकड्यामुळे. किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर हा ओळखीचा हिशेब, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३०. पण शस्त्रक्रियेच्या ताणात शरीर स्वतःच पाणी धरून ठेवतं, तेव्हा दोन तास २५वर काटा अडकला म्हणजे मूत्रपिंड गेलं असं नाही. आणि लॅसिक्स दिल्यावर तर तो आकडा साक्षीला उभा करण्यात अर्थच उरत नाही.

जपणूक होते ती रक्तदाब सांभाळून, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं टाळून आणि द्रव बेताने देऊन. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत द्रव आखडता हात ठेवून दिलेल्या गटात मूत्रपिंडाला इजा ८.६ टक्क्यांना झाली, मोकळ्या हाताने दिलेल्या गटात ५ टक्क्यांना. अर्थात अति भरणंही वाईटच.

'हायड्रेशन'साठी 'सलाईन' लिहू नका. बोलण्यात प्रत्येक बाटली सलाईनच असते, पण नॉर्मल सलाईनमध्ये लिटरला १५४ मिलिमोल क्लोराइड, रिंगर लॅक्टेटमध्ये सुमारे १०९. पहिलं भरमसाट गेलं तर रक्त आम्लाकडे झुकतं. 'शिरेतून द्रव देणे' पुरे.

पत्रकात असं लिहावं : 'लघवीचे प्रमाण वाढवणारे (मूत्रल) औषध; शरीरात साचलेले जादा पाणी काढण्यासाठी.'