मासे वर येऊन धापा टाकतायत? आधी खाद्य थांबवा

प्रश्न : गच्चीवर हजार लिटरच्या टाकीत तिलापियाची २०० पिल्लं सोडली. त्याच पाण्यावर खडीच्या वाफ्यात पालक आणि टोमॅटो लावले. आठवडाभरात मासे वर येऊन धापा टाकू लागले, कोवळी पानं पिवळी पडली. दुकानदार म्हणतो खाद्य वाढवा, थोडा युरिया टाका. टाकू का?

उत्तर : नाही. युरिया चिमूटभरही नको. युरियाचा अमोनिया होतो आणि तुमचे मासे अमोनियानेच गुदमरतायत. खाद्य वाढवलंत तर आणखी अमोनिया.

आज खाद्य बंद, हवेचा पंप चोवीस तास. एक तृतीयांश पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडायला दिवसभर उघडं ठेवूनच घाला. बोअरचं असेल तर सामू (पीएच) तपासा, ८ च्या वर अमोनिया जास्त विषारी होतो.

चूक घाईची. अमोनियाचं नायट्रेट (झाडांचं खाद्य) करणारे जिवाणू खडीवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडायलाच नको होते. माझा आग्रह एकच : ओळखीच्या निरोगी, चालू टाकीतली घमेलंभर ओली खडी आणून वाफ्यात मिसळा. तिच्यावर हे जिवाणू आधीच बसलेले असतात, म्हणून बाटलीतल्या महागड्या जिवाणू ‘कल्चर’पेक्षा ती बरी. पुढच्या वेळी अमोनिया आणि नायट्राइट (नायट्रेट होण्याआधीचा विषारी टप्पा) शून्याजवळ आले, की मगच पिल्लं सोडा. हजार लिटरला ४०-५० बास, २०० नाहीत. पाच मिनिटांत संपेल तेवढंच खाद्य.

शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं असेल तर ती लोहाची कमतरता. मासे सावरल्यावर ईडीडीएचए चिलेटेड लोह (पाण्यात विरघळून राहणारं, ६ टक्के) हजार लिटरला ३० ग्रॅम. पाणी लालसर होईल, घाबरू नका आणि दर आठवड्याला ओतत बसू नका. १९:१९:१९ नको, डीएपी नको, कुठलंच रासायनिक खत नको. दुकानदाराला हा वाफा म्हणजे शेतच वाटतं, खाली मासे आहेत हे त्याला कोण सांगणार?

मावा दिसला तर पानं साध्या पाण्याने धुवा. सायपरमेथ्रिनसारखं औषध फवारलंत तर पानावरून ओघळलेले थेंबही मासे मारायला पुरेत. टोमॅटो पहिल्या हंगामात काढून टाका. पालक, पुदिना, अळू ठेवा.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या छोट्या आरएएस (तेच पाणी गाळून पुन्हा वापरणाऱ्या मत्स्यपालन) युनिटला अनुदान ठेवलेलं आहे : सर्वसाधारण ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमाती ६० टक्के. ते सध्या चालू आहे का, हे जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात विचारा, मंजुरीआधी खर्च करू नका. पिल्लं परवानाधारक केंद्रातूनच घ्या. स्वस्तात थाई मागूर मासा देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, त्यावर बंदी आहे.