पेन्सिलीतली जास्वंद पाहायची कशी?

प्रश्न: भाचीनं ए-फोर कागदावर पेन्सिलीनं जास्वंद काढलीय. रंग नाही, त्यामुळे ‘छान आहे’ यापलीकडे मला काही सुचत नाही. अशा चित्रात नेमकं काय पाहायचं?

उत्तर: आधी चित्र तीन-चार फुटांवर ठेवा आणि डोळे किलकिले करून पाहा. बारकावे पुसट होतील, उजळ-मध्यम-गडद भाग तेवढे उरतील. फूल पानांपासून सुटून दिसतंय? जास्वंदीत तेच अवघड, कारण लाल पाकळी आणि हिरवं पान यांची गडदता जवळपास सारखी. रंग काढून घेतला की दोन्ही एकाच करड्यात मिसळतात. भाचीनं ती वेगळी कशी केली ते शोधा. पानं मुद्दाम गडद केलीत, की पाकळीवरच्या रेषा देठाकडून कडेकडे वळवत नेल्यात? हे तिनं ठरवलंय, खरी दाद त्याला द्या.

मग हातभर अंतरावर या आणि कडा पाहा. सगळीकडे सारख्या जाडीची काळी रेषा असेल, तर फूल कातरून चिकटवल्यासारखं दिसतं. उजेडाच्या बाजूला रेषा विरत गेली असेल आणि पाकळी पाकळीखाली शिरते तिथे दाट झाली असेल, तर हात तयार होतोय. एकेरी जास्वंदीच्या 5 पाकळ्या चक्राकार बसतात. प्रत्येकीची एक कड वर, दुसरी शेजारणीखाली. मधल्या दांड्याच्या टोकाला 5 टिकल्या. फुलाखालच्या हिरव्या पेल्याबाहेर अरुंद हिरव्या पट्ट्यांचं आणखी एक कडं असतं. चित्रात तेही असेल, तर तिनं फूल बाजूनं, खालूनही न्याहाळलंय. ‘अगदी फोटोसारखं’ म्हणण्यापेक्षा हे तिला सांगा.

प्रश्न: गडद भाग तिरक्या उजेडात चकाकतात. चुकलंय का? फ्रेम करताना काय जपावं?

उत्तर: ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीचं शिसं, चकाकतंच. 6बी ही मऊ, गडद पेन्सिल जोरानं घासली की कागदाचा दाणा दबतो आणि चकाकी वाढते. पुढच्या वेळी 2बी, 4बी या त्याहून कमी मऊ पेन्सिलींचे हलके थर एकावर एक चढवायला सांगा. आहे ती खोडायला जाऊ नका, कागद उखडतो. फिक्सेटिव्ह, म्हणजे चित्र पुसलं जाऊ नये म्हणून मारायचा फवारा, फूटभर अंतरावरून, दोन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळवून. जवळून मारलं तर ओले डाग पडतात. हेअर स्प्रे नकोच, तो पुढे पिवळा पडतो. फ्रेममध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच; काच कागदाला टेकली की पावसाळ्यात दमट हवेनं कागद काचेला चिकटतो आणि ग्राफाइट काचेवर उतरतं.