आदिवासी समाजाच्या ज्ञानदृष्टीनुसार ग्रंथालयातली पुस्तकं लावता येतात का?

हो, येतात. कॅनडात हे काम पन्नासेक वर्षं चालू आहे. कानावागे इथले, मोहॉक या आदिवासी समाजातले ग्रंथपाल ब्रायन डिअर यांनी 1970च्या दशकात स्वतःची वर्गीकरण पद्धत तयार केली. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातलं ह्वेह्वा ग्रंथालय आजही तिचंच सुधारलेलं रूप वापरतं.

फरक कपाटापाशी गेलात की लगेच कळतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाच्या वर्गीकरण पद्धतीत उत्तर अमेरिकेतल्या जमाती E99 या वर्गाखाली, म्हणजे इतिहासात, इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या असतात. एका नदीकाठी राहणारे शेजारी त्यामुळे लांबलांबच्या फळ्यांवर जातात. डिअर यांच्या पद्धतीत ते भूगोलानुसार शेजारीच राहतात. ड्यूई या दुसऱ्या, आकड्यांच्या वर्गीकरण पद्धतीत तर या लोकांच्या सृष्टिकथा बऱ्याचदा 398.2 मध्ये, लोककथा म्हणून ठेवल्या जातात; धर्माचा 200 चा वर्ग तेव्हा त्यांच्या वाट्याला येत नाही. मला हे सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

सगळं एकदम बदलणं झेपत नसेल तर विषयशीर्षकांपासून, म्हणजे ग्रंथसूचीत पुस्तकाचा विषय सांगणाऱ्या ठरलेल्या शब्दांपासून सुरुवात करा. न्यूझीलंडमध्ये तिथल्या माओरी या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या विषयशीर्षकांची वेगळी यादी आहे, तीही माओरी विश्वदृष्टीवर रचलेली.

मात्र शीर्षकं ग्रंथपालाने एकट्याने ठरवू नयेत, त्या समाजातल्या जाणत्यांसोबत बसून ठरवावीत. काही ज्ञान ठराविक लोकांपुरतंच असतं. ते कोणाला दाखवायचं, हेही त्यांनाच ठरवू द्या.