व्हीगन जावयाला वेगळं ताट कशाला?

सणासुदीच्या जेवणाबद्दलची पत्रं या वेळी इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले. बहुतेकांचा सूर एकच: घरातलं कुणीतरी शाकाहारी किंवा व्हीगन झालंय, आणि आता सगळे एकत्र जमणार म्हटल्यावर यजमानीणबाईंना धडकी भरलीय.

ताई, सणाला आमच्याकडे वीस माणसं जमतात. यंदा जावई पहिल्यांदाच येणार आहेत आणि ते व्हीगन आहेत. मांस-मासे-अंडी नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. लेक म्हणते, "त्यांच्यापुरती एक भाजी वेगळी कर, बास." मला ते बरं दिसत नाही. आणि सगळ्यांचंच तूप बंद केलं तर माझे दीर रुसून बसतील. काय करू? — लेकीची आई

तुम्हाला बरं दिसत नाही, ते बरोबरच आहे. घरच्या माणसाला पंगतीत बसवून वेगळं ताट वाढलं की तो पाहुणा होतो, आणि जेवण संपेपर्यंत सगळ्यांची नजर त्याच्या ताटावर. शिवाय व्यवहारातही ते फसतं. त्यांच्यासाठी वाडगाभर भाजी केलीत तर ती सगळ्यांना "चाखून बघू" म्हणून हवीशी वाटते, आणि वाढप त्यांच्यापर्यंत पोचेतो बुडाशी चार फोडी उरतात. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता हसूही येत नाही.

तर एक कागद घ्या. दरवर्षी जे करता ते सगळे पदार्थ एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर त्यात प्राण्यापासून आलेलं काय पडतं, तेवढंच लिहा. अर्ध्याहून जास्त पदार्थांसमोर एक तर काहीच येणार नाही, नाहीतर एकच शब्द येईल: तूप. डाळीला, भाताला, सुक्या भाज्यांना तेलाची फोडणी द्या आणि तूप वाटीत घालून टेबलावर ठेवा, चमच्यासकट. दह्याचं तेच, किसलेल्या चीजचं तेच. दीर तूप ओतून घेतील, जावई घेणार नाहीत, पातेलं मात्र एकच. माझा सगळा हट्ट एवढाच आहे: मूळ पदार्थ सगळ्यांना चालेल असा, आणि दूधदुभतं वरून, ज्याचं त्यानं. कोशिंबिरीत दही कालवून ठेवू नका. चिरलेली काकडी-टोमॅटो कोरडी ठेवा, दाण्याचं कूट आणि लिंबू घाला, दही शेजारी.

कागदावर शेवटी दोन-तीन पदार्थ असे उरतील की ज्यांचा जीवच दुधात आहे. त्यांना हात लावू नका. पनीरच्या जागी भलतंच काही घालून "तसंच लागतं ना?" असं विचारू नये, कारण तसं लागत नाही. तो पदार्थ बाकीच्यांसाठी करा आणि त्याच तोडीचा दुसरा एखादा मुळातच बिनदुधाचा करा. काबुली चण्यांचा नारळाच्या दुधातला रस्सा घ्या. तो कुणाच्या सोयीसाठी केलाय असं वाटतच नाही. फक्त नारळाचं दूध शेवटी घाला आणि खळखळून उकळू देऊ नका, नाहीतर फुटून तेल वर येतं. आंबट काही घालायचं असेल तर गॅस बंद केल्यावर.

आता मापं. मोठ्या माणसामागे कच्चा तांदूळ ७५ ते ८० ग्रॅम, म्हणजे वीस जणांना दीड किलो पुरे. पोळी-पाव असेल तर सव्वा किलोतही भागतं. डाळ ४० ग्रॅम धरा. चणे भिजून-शिजून सव्वादोन ते अडीच पट होतात, तेव्हा पाऊण किलो कोरडे चणे घेतलेत तर पावणेदोन किलोच्या आसपास हाती येतात. माणशी भरपूर झाले.

आणि एक फोन करा. लेकीला नको, थेट जावयांना. "तुम्हाला तवा-कढई वेगळी लागते का?" एवढं विचारा. काहींना लागते, बऱ्याच जणांना लागत नाही. काजू, शेंगदाणे किंवा सोयाबीनची कुणाला अॅलर्जी आहे का, हे मात्र सगळ्यांच्याच बाबतीत विचारून घ्या. दूध काढलं की आपला हात आपसूक काजूच्या डब्याकडे जातो, म्हणून.

आमच्याकडे उलटी तऱ्हा. घरात आम्ही दोघंच शाकाहारी, बाकी सगळे मांसाहारी. यंदाचं जेवण आमच्याकडे आहे आणि मोठा भाऊ आत्ताच म्हणतोय, "म्हणजे घरी जाऊन पुन्हा जेवायचं!" त्याचं तोंड बंद होईल असं काही सांगा. — धाकटा भाऊ

तोंड बंद नको, भरलेलं राहील एवढं बघू.

तुमचे भाऊ अगदीच खोटं बोलत नाहीत. कितीतरी शाकाहारी जेवणं पोकळ लागतात. डाळ मऊ, भात मऊ, बटाटा मऊ, भोपळा मऊ. दाताला काही कामच नाही. तेव्हा पहिली गोष्ट, चावायला लागेल असं दर दोन पदार्थांमागे एक तरी हवं: भाजलेले दाणे, खरपूस फ्लॉवर, कच्चा कोबी, कुरकुरीत केलेले चणे.

दुसरी गोष्ट खमंगपणाची. मांसाच्या रश्शात जी भरीव चव असते तिचा मोठा वाटा ग्लुटामेट नावाच्या द्रव्याचा. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं १९०८ मध्ये ते मांसातून नव्हे, तर समुद्री शेवाळाच्या रश्शातून वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. म्हणजे ही चव काही मांसाची मक्तेदारी नाही. टोमॅटो, सोया सॉस, वाळवलेले मशरूम यांत ती भरपूर आहे. वाळवलेले शिताके मशरूम मिळाले तर भिजवा आणि ते पाणी फेकू नका, रश्शात घाला. टोमॅटोची पेस्ट तेलात गडद तांबडी, जवळजवळ तपकिरी होईस्तोवर परता. घाई केलीत तर नुसता आंबटपणा राहतो.

ताज्या मशरूमबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ते दहातल्या नऊ घरांत उकडले जातात, परतले जात नाहीत. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. पसरट कढई चांगली तापवा. जाड काप एका थरात, सुटे सुटे पसरा. तेल नाही, मीठ नाही, ढवळणं नाही. दोन-तीन मिनिटांत कढईत पाणी सुटेल आणि तुम्हाला वाटेल, बिघडलं. नाही बिघडलं. आच मोठीच ठेवा. पाणी आटत आलं की आवाज बदलतो, आधी बुडबुड चालली असते ती थांबून चरचर सुरू होते. तेव्हा तेल, आणि एका बाजूला तांबूस रंग चढल्यावर उलटायचं. मीठ, मिरी, लसूण सगळं शेवटी. वीस जणांचे मशरूम एकदम कढईत लोटलेत तर मात्र यातलं काहीही होणार नाही. चार घाण्यांत करा.

टोफू करणार असाल तर आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये घट्ट गोठवा, मग वितळवून दोन्ही तळव्यांत दाबून पाणी काढा. बर्फाच्या कणांनी आत भोकं पडतात आणि तो स्पंजासारखा मसाला पितो. चावायलाही लागतो.

बाजारात मांसासारखे दिसणारे तयार पदार्थ मिळतात. माझं मत विचाराल तर मांसाहारी पाहुण्यांपुढे ते ठेवूच नका. ज्याला खरं ठाऊक आहे तो नक्कल लगेच ओळखतो, आणि मग जेवणभर तुलनेलाच ऊत येतो. मसुराचा खरपूस भाजलेला लोफ मसूर म्हणूनच वाढा. प्रथिनांचा प्रश्न भाऊ काढतीलच, तर १०० ग्रॅम कोरड्या मसुरात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात. हे सांगून मोकळे व्हा आणि पुढचं वाढा.

अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही, तर गोडाला काय करायचं? फळं चिरून ठेवली की मुलं तोंड वाकडं करतात. — दोन नातवांची आजी

आजी, मुलांचं बरोबर आहे.

केकमध्ये अंडं नेमकं काय करत होतं, हे आधी पाहायचं. नुसतं बांधून धरत असेल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. चिकट झाली की एका अंड्याच्या जागी ती. पीठ घट्ट, गडद रंगाचं, मसाल्याचं किंवा चॉकलेटचं असेल तर उत्तम चालतं. फुगायला हवं असेल तर सोडा आणि त्याला साथ द्यायला व्हिनेगर किंवा लिंबू. दुधाच्या जागी सोयाचं दूध घ्या, बदामाचं नको. सोयात प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास असतात, त्यामुळे ते ओव्हनमध्ये बरं वागतं. मात्र एखाद्या नातवाला सोया चालत नसेल तर ओटचं.

आता गंमत. काबुली चणे शिजवलेलं, किंवा डब्यातल्या चण्यांचं, ते बुळबुळीत पाणी असतं ना? जोएल रोएसेल या फ्रेंच माणसानं २०१४ मध्ये दाखवून दिलं की ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसतं. तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडं. पाणी पातळ असेल तर आटवून घट्ट करा, पूर्ण गार करा, बिनमिठाचं असू द्या. विजेच्या बीटरनं आठ-दहा मिनिटं फेटलं, मग थोडी थोडी साखर घातली, की पांढराशुभ्र फेस उभा राहतो. भांड्याला तेलाचा ओशटपणा लागलेला नको, फेस बसतो. वितळलेलं, कोमट झालेलं गडद चॉकलेट त्यात हलक्या हातानं मिसळा आणि फ्रीजमध्ये ठेवा. फेस थोडा खाली बसेल, बसू द्या. मूस (फेसाळ, गार चॉकलेटचं गोड) होतं ते मूसच. चॉकलेटच्या वेष्टनावर दुधाची भुकटी नाही ना, तेवढं बघा. आणि कशाचं केलंय ते खाऊन झाल्यावर सांगा.

जेली करायची तर जिलेटिन नको, ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढतात. ते शाकाहाऱ्यांनाही चालणार नाही. अगर-अगर घ्या. ते समुद्री शेवाळाचं असतं. एक-दोन मिनिटं नीट उकळावं लागतं, आणि नेहमीच्या खोलीच्या तापमानालाच घट्ट होतं. कच्चा अननस घातला तर जिलेटिनची जेली धरत नाही, अगरची धरते.

मी २१ वर्षांचा, घरातला एकटा व्हीगन. दरवर्षी आत्या म्हणते, "अरे, एवढंसं तूप काही होत नाही," आणि मग सगळे मिळून माझी उलटतपासणी घेतात. जाऊच नये असं वाटतं. — भाचा

जा. पण आठ दिवस आधी आत्याला फोन कर. "मला हे चालत नाही, ते चालत नाही" अशी यादी वाचू नकोस, ती करते त्यातलं तुला काय आवडतं ते आधी सांग आणि "तेलात करशील का?" विचार. बायकांना सवलत मागितलेली चालते, स्वयंपाकावर बोट ठेवलेलं चालत नाही. दुसरं, एक पदार्थ स्वतः करून ने, सगळ्यांना पुरेल एवढ्या मोठ्या पातेल्यात. डबा नेऊ नकोस. डबा म्हणजे फुगून बसणं.

उलटतपासणी सुरू झाली की "जेवण झाल्यावर सांगतो" म्हण. जेवण झाल्यावर कुणी विचारत नाही.

विकतच्या वस्तू घेताना वेष्टनावर काय काय बघायचं?

पावात, बिस्किटांत आणि मार्गरीनमध्ये दुधाची भुकटी, केसीन किंवा व्हे (दोन्ही दुधातूनच येतात) असू शकतं. तयार सूपच्या काही वड्यांमध्ये कोंबडीचा अर्क. वूस्टरशर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासे. लाल रंगाच्या मिठाईवर ई १२० लिहिलेलं असेल तर तो रंग किड्यांपासून केलेला. चकचकीत गोळ्यांवरचं ई ९०४ म्हणजे लाख, तीही किड्यांचीच. चीज तर शाकाहाऱ्यांनीही तपासावं, कारण काही चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं जमवतात. इटलीचं अस्सल परमेजान (पार्मिजानो रेज्जानो) नियमानंच तसं असतं.

राजमा आदल्या रात्री मंद आचेच्या विजेच्या भांड्यात लावून झोपले तर चालेल का? सकाळची घाई वाचेल.

नाही चालणार, आणि यात तडजोड करू नका. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. त्यानं काही तासांत जोराच्या उलट्या-जुलाब होतात. खळखळ उकळल्यावरच ते नष्ट होतं. मंद आचेच्या भांड्यात पाणी तेवढं तापत नाही आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही त्रासदायक ठरू शकतो. कमीत कमी पाच तास भिजवा, ते पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा. मग हवं तर मंद आचेवर ठेवा. प्रेशर कुकर असेल तर प्रश्नच नाही, पण भिजवणं सोडू नका.

रात्रीच शिजवून ठेवायचा असेल तर मोठं पातेलं तसंच ओट्यावर झाकून झोपू नका. पसरट भांड्यांत काढा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या, सकाळी पुन्हा उकळी आणा. उरलेल्या भाताचंही तेच करा.