इंदूर ते पुणे: अंतर नेमकं किती आणि विमानाला वेळ किती?

तुमचा प्रश्न: आजीला घेऊन इंदूरहून पुण्याला जायचंय. नेटवर अंतर कुठे ५००, कुठे ६००, तर कुठे हजाराच्या जवळ दिसतं. खरं कोणतं, आणि विमानाला किती वेळ लागतो?

तिन्ही खरी. सरळ रेषेत ५०० किलोमीटर, रस्त्यानं ६०० च्या आसपास, रेल्वेनं साडेनऊशेच्या वर.

तिकिटावर साधारण सव्वा तास दिसेल. विमान जागेवरून हलल्यापासून ते पुण्यात जागेवर लागेपर्यंतचा हा वेळ. प्रत्यक्ष हवेत तासाभराच्या आतच. इतक्या जवळच्या पल्ल्यात पट्टा बांधायचा दिवा विझतो न विझतो तोच उतरायची घोषणा होते. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाचीही आहे, त्यामुळे कधी वर एखादी घिरटी पडते. घर ते घर मात्र पाच-साडेपाच तास धरा. इंदूरचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला, बिजासन टेकडीशेजारी. सुदामा नगरवाल्यांचं ठीक आहे, विजय नगरहून निघणाऱ्यांनी राजवाड्याच्या गर्दीत शिरू नये. आणि संध्याकाळी लोहगावहून कोथरूड गाठायचं म्हणजे विमानाइतकाच वेळ.

आता रेल्वेचा आकडा एवढा कसा फुगला? पुणे इंदूरच्या दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे. गाडी आधी निघते उत्तरेला, उज्जैनकडे! मग रतलाम, वडोदरा, सुरत, वसई, कल्याण. पुण्याला जायचं तर आधी गुजरात बघून या, असा प्रकार. मधे विंध्य आणि सातपुडा आडवे. ते ओलांडून इंदूरहून थेट मनमाडला उतरणारा लोहमार्गच नाही. इंदूरच्या कुठल्याही मराठी लग्नाच्या पंगतीत हा विषय निघतोच. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ३०९ किलोमीटरच्या इंदूर-मनमाड मार्गाला मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी. तो झाला की रेल्वेचं अंतर रस्त्याच्या जवळपास येईल. तुमच्या आजींना या खेपेला त्याचा उपयोग नाही.

रस्ता मला स्वतःला सगळ्यात आवडतो. मानपूरचा घाट उतरलं की निमाड, खलघाटला नर्मदा, मग सेंधवा आणि बिजासन घाट. विमानानं गेलात तरी बिजासन, मोटारीनं गेलात तरी बिजासन. दोन्हीकडे देवीचं देऊळ आहे. पुढे शिरपूरजवळ तापी, धुळे, मालेगाव, मनमाड, अहिल्यानगर. अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी त्याच जिल्ह्यातलं आणि इंदूरच्या विमानतळाला नावही त्यांचंच. पण मोटारीनं अकरा-बारा तास बसणं म्हाताऱ्या माणसाला सोपं नाही, आणि स्लीपर बसच्या वरच्या बर्थवर आजींना चढवणार कोण?

तेव्हा विमानच घ्या, आणि शक्यतो दिवसातलं लवकरचं. एकच विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला फिरत असतं. हिवाळ्यात धुकं दिल्लीला पडतं आणि खोळंबा इंदूरच्या माणसाचा होतो. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, ऐनवेळी मागितली तर वाट बघावी लागते. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, आणि सामानाची मर्यादा बहुतेक तिकिटांवर १५ किलो असते. शेव-मिठाईचे डबे घरीच तोलून घ्या.