जुन्या गाडीत जॅक आणि स्कॅनर लावायचं सॉकेट नेमकं कुठे असतं?

तुमची गाडी 2005 ची, सेकंड हॅण्ड, सोबत मॅन्युअल नाही. स्टेपनी आहे पण जॅक दिसत नाही, आणि स्कॅनर (इंजिनातले बिघाड वाचून मोबाइलच्या ॲपवर दाखवणारं छोटं यंत्र) कुठे लावायचा तेही सापडत नाही. मॉडेल लिहिलं नाहीत, म्हणून मी कसं शोधतो ते सांगतो.

आधीच्या मालकाने जॅक काढून घेतला असं लगेच धरू नका. स्टेपनी उचलून तिच्या खालचा खड्डा बघा. मग डिकीच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टिक चाचपा, एखादं खाचेचं किंवा फिरवायच्या गुंडीचं झाकण हाताला लागतं का बघा. तिथेही नसेल तर सीटखाली. फियाट उनोवाले तर सरळ बॉनेट उघडायचे, कारण त्यांची स्टेपनीच तिथे असायची!

माझी फजिती सांगतो. चिपळूणच्या अलीकडे पंक्चर झालं, सगळं सामान रस्त्यावर काढलं, तेव्हा कुठे झाकणामागे जॅक दिसला. पण तो हलेचना. गंजलाय समजून मी टॉमीने (जॅकच्या लोखंडी दांड्याने) दोन ठोकेही घातले. पंक्चरवाल्या पोराने त्याचा स्क्रू दोन बोटांनी थोडा उलटा फिरवला आणि जॅक काढून माझ्या हातात दिला. खडखड होऊ नये म्हणून हा कात्रीजॅक खाचेत ताणून बसवलेला असतो. परत ठेवतानाही तसाच हाताने घट्ट करायचा.

आता सॉकेट. आधी ते तुमच्या गाडीत आहे का हे बघा, कारण आपल्याकडे ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवायच्या यंत्रणेची, सक्ती बीएस-4 या प्रदूषण नियमांबरोबर 2010 साली आली. किल्ली ऑन केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, 'चेक इंजिन'चा दिवा लागतो का? लागत असेल तर शोधण्यात अर्थ आहे. कार्बोरेटरवाल्या मारुती 800 मध्ये कितीही शोधलंत तरी काही मिळणार नाही.

ड्रायव्हरचं दार उघडून खाली बसा आणि मोबाइलचा टॉर्च लावून डॅशबोर्डच्या खालून वर बघा. सीटवर बसून ते दिसत नाही. एका बाजूला निमुळतं, आठ-आठ छिद्रांच्या दोन ओळींचं सॉकेट असतं, बरेचदा फ्यूजबॉक्सच्या आसपास. अपवाद आहेतच. अमेरिकेतल्या 1996 ते 2000 च्या होंडा सिव्हिकमध्ये ते शेजारच्या सीटच्या बाजूला आहे. नव्वदीतल्या बऱ्याच बीएमडब्ल्यूंत बॉनेटखाली फिरकीच्या झाकणाचं गोल, 20 पिनांचं सॉकेट असतं, त्यात साधा स्कॅनर बसतच नाही.

स्कॅनर लावला आणि त्याचा दिवाच लागला नाही, तर सिगारेट लायटरचा फ्यूज तपासा. बऱ्याच गाड्यांत दोन्हींना एकच फ्यूज असतो आणि तो मोबाइल चार्जरपायी उडालेला असतो. दिवा लागला पण ॲप गाडीशी जोडलं जात नसेल, तर स्कॅनर लगेच परत करू नका. 2010 च्या आधीच्या कित्येक गाड्यांत सॉकेट 16 पिनांचंच असतं, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असते. तिथे त्या कंपनीचं मशीन असलेला मेकॅनिकच लागतो.